कॉलेजच्या आवारातले नाट्यगृह आणि ‘चैन’ हा शिक्का

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात डच स्थलांतरितांनी वसवलेले हॉलंड नावाचे गाव आहे. तेथील होप कॉलेजला 1866 साली सनद मिळाली आणि ‘रिफॉर्म्ड चर्च इन अमेरिका’ या प्रॉटेस्टंट पंथाशी असलेले त्याचे नाते आजवर टिकून आहे. या कॉलेजच्या आवारात 2015 साली जॅक एच. मिलर यांच्या नावाचे संगीतकेंद्र सुरू झाले. त्यात 800 आसनांचे मोठे सभागृह आहे, साधारण 125 आसनांचे छोटे सभागृह आहे, शिवाय तालमीच्या, रियाजाच्या आणि शिकवणीच्या खोल्या आहेत. मिलर हे शेजारच्या झीलंड गावातील, 1926 साली सुरू झालेल्या घड्याळांच्या कंपनीचे प्रमुख होते. ही इमारत देणग्यांतून उभी राहिली.

अमेरिकेतील ख्रिस्ती कॉलेजांमध्ये अशा वास्तू बऱ्याच आहेत. कोठे नाट्यगृह, कोठे संगीतसभागृह, कोठे दोन्ही एका छपराखाली. आणि अशी इमारत उभी राहू लागली की एक ठरावीक मत तिच्यापाठोपाठ येते. ते मत असे: ख्रिस्ती संस्थेने आधी गरिबांकडे पाहावे, मग गाण्या-नाटकाकडे. गायचेच असेल तर चॅपल आहे. रंगमंच ही मुळात ख्रिस्ती शिक्षणात न शोभणारी वस्तू. देणगीदाराला भिंतीवर नाव हवे असते आणि कॉलेजला पैसा, त्या सौद्यातून इमारत उभी राहते. आणि अखेरीस, या शिक्षणाने पोट कोणाचे भरते? प्रयोगशाळा बांधली असती तर चार मुले कामाला लागली असती.

हे मत मांडणारे लोक वाईट नसतात. त्यातले पुष्कळ जण स्वतः दानशूर असतात, मंडळीच्या कामात पुढे असतात. त्यामुळेच त्यांच्या मताला नैतिक वजन मिळते आणि ते तपासून न घेताच पुढे चालते. तपासले तर त्यातला एकही मुद्दा टिकत नाही.

गरिबांच्या नावाने घेतलेला आक्षेप सगळ्यांत जड वाटतो, म्हणून आरंभ त्याच्यापासून. हा आक्षेप बायबलमध्येच एकदा येऊन गेला आहे. योहानाच्या शुभवर्तमानात बेथानी गावची मरिया मोलाचे सुगंधी तेल येशूच्या पायांना लावते आणि सारे घर त्या वासाने भरून जाते. ते तेल तीनशे दीनारांना विकून पैसे गरिबांना का दिले नाहीत, असा सवाल त्या घरात एक जण करतो. तो यहूदा इस्कर्योत. त्याला गरिबांची कळकळ नव्हती, पैशाची थैली त्याच्याकडे असे, असे शुभवर्तमानकार लगेच सांगतो. आज आक्षेप घेणाऱ्यांना कोणी यहूदा म्हणू नये. त्यांची कळकळ खरी असते. पण ज्या ग्रंथाच्या आधारे ते बोलतात त्या ग्रंथात हा हिशेब मांडला गेला, आणि ज्याच्यासाठी तेल ओतले गेले त्याने तो मान्य केला नाही. सुंदर गोष्टीवर केलेला खर्च म्हणजे गरिबांच्या ताटातून उचललेला घास, हे समीकरण मग ख्रिस्ती कसे ठरते?

इतिहासातही हे समीकरण उलटेच पडलेले दिसते. संगीतकार हॅन्डेलच्या, बायबलमधील वचनांवर रचलेल्या ‘मसाया’ या गायनरचनेचा पहिला प्रयोग डब्लिनमध्ये 13 एप्रिल 1742 रोजी झाला. त्याचे उत्पन्न दोन रुग्णालयांना आणि कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांच्या सुटकेसाठी दिले गेले. 142 कैदी त्या पैशाने सुटले. या प्रयोगाआधी तेथील सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचे डीन, म्हणजे ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ लिहिणारे जोनाथन स्विफ्ट, यांनी आपल्या गायकांना त्यात भाग घेण्यास मनाई केली होती. पुढच्या वर्षी लंडनमध्ये ही रचना नाट्यगृहात झाली, तेव्हा पवित्र वचने रंगमंचावर कशी, अशी तक्रार वृत्तपत्रात छापून आली. डीनसाहेबांची मनाई कायम राहिली असती तर ते कैदी आत राहिले असते. पुढे 1750 पासून लंडनच्या अनाथ मुलांच्या फाउंडलिंग हॉस्पिटलच्या चॅपलमध्ये हॅन्डेल दरवर्षी या रचनेचा प्रयोग करू लागला. त्या चॅपलला त्याने ऑर्गन भेट दिला आणि मृत्युपत्रात रचनेची एक प्रत त्या संस्थेच्या नावे ठेवली. अनाथ मुलांच्या दूध-कपड्याचा पैसा गाण्यातून येत होता. गाणे आणि गरीब यांना एकमेकांसमोर उभे करणाऱ्यांनी हा हिशेब कोठे बसवायचा?

याला जोडून एक व्यवहाराची गोष्ट आहे. देणगीदार नाट्यगृहासाठी पैसा देतो तेव्हा तो कॉलेजच्या गल्ल्यात पडत नाही. देणगीचा करार होतो, उद्देश लिहिला जातो आणि त्या उद्देशाबाहेर तो पैसा वापरणे कायद्याने गैर ठरते. संगीतगृहासाठी मिळालेल्या रकमेतून शिष्यवृत्त्या वाटा, असे म्हणणे म्हणजे एका शेतकऱ्याने विहिरीसाठी दिलेल्या पैशातून दुसऱ्याच्या मुलीचे लग्न लावा म्हणण्यासारखे आहे. ज्याला शिष्यवृत्तीची कळकळ आहे त्याने शिष्यवृत्तीसाठी देणगीदार शोधावा. आणि अशी देणगी मिळवणे अवघड नसते, कारण चांगल्या कॉलेजांत दोन्ही प्रकारचे दाते असतात.

विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे आणि आक्षेप घेणारे तो क्वचितच विचारतात. इमारत बांधायला पैसा मिळतो, चालवायला कोण देणार? दिवे, हवा खेळती ठेवणारी यंत्रणा, पियानोची जुळणी, रंगमंचामागचे कामगार, दर काही वर्षांनी बदलावे लागणारे पडदे आणि दोर, हा खर्च कायमचा. अमेरिकन कॉलेजे कायम ठेवीतून साधारण 4 ते 5 टक्के दरवर्षी खर्चायला काढतात. म्हणजे वर्षाला एक लाख डॉलरचा देखभालखर्च भागवायचा तर वीसेक लाख डॉलरची ठेव लागते. बांधकामाच्या देणगीबरोबर अशी ठेव नसेल तर दहा वर्षांनी तो भार विद्यार्थ्यांच्या फीवर येतो. इथे टीकाकारांनी जितका जोर लावावा तितका थोडा. पण तो जोर चांगल्या नाट्यगृहासाठी लावायचा असतो.

आता चॅपलचा मुद्दा. प्रार्थनेसाठी बांधलेले भव्य चॅपल आवारात असताना आणखी सभागृह कशाला, हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. होप कॉलेजमध्येही 1929 चे दगडी डिम्नेंट चॅपल आहे आणि वर्षानुवर्षे मोठ्या मैफली तेथेच होत. हा प्रश्न करणाऱ्यांच्या कल्पनेत खोली म्हणजे भिंती आणि छप्पर. पण आवाजाच्या दृष्टीने खोली स्वतःच एक वाद्य असते.

ही गोष्ट अनुभवाने माहीत होती. ती मोजून दाखवली वॉलेस सॅबिन या हार्वर्डच्या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने. 1895 मध्ये हार्वर्डच्या फॉग कलासंग्रहालयातले नवे व्याख्यानगृह उघडले आणि त्यात वक्त्याचे काही कळेना. एक शब्द उच्चारला की त्याचा घुमारा साडेपाच सेकंद रेंगाळे. तेवढ्यात वक्त्याचे पुढचे वाक्य संपलेले असे. सॅबिनने ऑर्गनची एक नळी, एक घड्याळ आणि आपले कान एवढ्यावर काम केले. बाहेरची वर्दळ थांबल्यावर, मध्यरात्रीनंतर, तो आणि त्याचे सहायक जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून व्याख्यानगृहात आणीत. आधी काही गाद्या मांडायच्या, नळी वाजवायची, आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजायचा. मग आणखी गाद्या, पुन्हा मोजणी. आणि सकाळ होण्याआधी सगळ्या परत नेऊन ठेवायच्या. साऱ्या गाद्या मांडल्या की साडेपाच सेकंदांचा घुमारा सेकंदाच्या आसपास येई. या रात्रींतून त्याने खोलीचे घनफळ, भिंती-आसनांची आवाज शोषण्याची ताकद आणि घुमाऱ्याचा काळ यांचे सूत्र काढले. 1900 साली उघडलेला बॉस्टनचा सिंफनी हॉल या सूत्राच्या आधारे बांधला गेलेला पहिला मोठा हॉल, आणि आजही तो जगातल्या उत्तम संगीतगृहांत गणला जातो.

त्या सूत्रामुळे ‘चॅपल आहेच की’ या वाक्याची तपासणी करता येते. नाटकातले संवाद स्पष्ट कळायला घुमारा सुमारे एक सेकंदाच्या आत हवा. वाद्यवृंदाला साधारण 1.8 ते 2.2 सेकंद मानवतो; त्याहून कमी झाला तर व्हायोलिनचा आवाज कोरडा पडतो. पाइप ऑर्गन आणि सामुदायिक स्तोत्रगायन यांना त्याहूनही लांब घुमारा शोभतो, म्हणूनच दगडी चॅपल उंच आणि कठीण पृष्ठभागांचे असते. त्याच चॅपलमध्ये नाटक केले तर तिसऱ्या रांगेपलीकडे स्वर पोहोचतात, व्यंजने पोहोचत नाहीत. पियानोच्या द्रुत लयीतल्या ताना एकमेकींत मिसळून चिखल होतो. वादक कितीही तयार असो, खोली त्याचे बोट झाकून टाकते.

नव्या संगीतगृहांत खर्च जातो तो बहुतांश न दिसणाऱ्या गोष्टींत. हवेच्या वाहिन्या मुद्दाम रुंद ठेवाव्या लागतात, म्हणजे हवा संथ वाहते आणि तिचा सूं आवाज होत नाही. रियाजाची खोली मूळ बांधकामापासून सुटी ठेवली जाते. जमिनीखाली रबराचे ठोकळे, भिंतीत दुसरी भिंत, जड दार आणि दाराच्या कडांना पट्ट्या. दार लावले की कानाला एक दबलेली शांतता जाणवते. त्या शांततेत नुकतीच व्हायोलिन शिकू लागलेली मुलगी आपली चूक पहिल्यांदा ऐकू शकते. पलीकडच्या खोलीत तुतारी वाजत असताना, मधोमध पातळ भिंत असताना, तिला ती चूक ऐकूच येत नव्हती. आणि जी चूक ऐकू येत नाही ती सुधारणार कशी? रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला वास जाण्यासाठी धुराडे असलेली ओटा-कपाटे लागतात हे कोणी चैन मानत नाही. मग संगीताच्या विद्यार्थ्याला शांतता लागते ती चैन का?

रंगमंच ख्रिस्ती शिक्षणाला शोभत नाही, हा मुद्दा सर्वांत जुना आणि सर्वांत कमी तपासलेला. त्याच्या समर्थनात तर्तुलियनचे नाव घेतले जाते. इसवी सन 200 च्या सुमारास उत्तर आफ्रिकेत या लेखकाने खेळ-तमाशांविरुद्ध एक पुस्तिका लिहिली. त्याच्या डोळ्यांपुढे होती ती ग्लॅडिएटरांची झुंज, श्वापदांपुढे टाकलेली माणसे आणि रोमन देवतांच्या उत्सवांचा भाग असलेले नाट्य. तेराव्या रांगेत बसून शेक्सपिअर पाहणाऱ्या विद्यार्थ्याशी त्याचा संबंध जोडणे हा तर्तुलियनवरच अन्याय आहे.

युरोपात रोमन रंगभूमी विझल्यावर नाटक पुन्हा जन्मले ते चर्चच्या आत. दहाव्या शतकात ईस्टरच्या उपासनेत येशूच्या कबरीपाशी आलेल्या तीन स्त्रिया आणि देवदूत यांचा संवाद भिक्षू गाऊन सादर करीत. इंग्लंडमध्ये विंचेस्टरच्या बिशप एथेलवोल्डच्या काळातल्या, 970 च्या सुमाराच्या नियमावलीत या प्रवेशाची सूचना आहे: पांढरा झगा घातलेल्या भिक्षूने कबरीपाशी जाऊन बसावे, इतरांनी काही शोधत असल्यासारखे हळूहळू पुढे यावे. ती रंगसूचनाच आहे, आणि ती बिशपच्या देखरेखीखाली लिहिली गेली. त्याच शतकात जर्मनीतल्या गांडर्सहाइम मठातील ह्रोत्स्विथा या धर्मभगिनीने रोमन नाटककार टेरेन्सच्या धर्तीवर सहा नाटके लिहिली. नाटक चर्चला बाहेरून चिकटलेले नाही. ते तिथल्या वेदीशेजारी वाढले.

आणि देणगीदारही तेव्हापासून आहेत. इंग्लंडमधील यॉर्क शहरात बायबलमधील प्रसंगांची लांबलचक नाट्यमालिका रस्त्यांवर होई, आणि एकेका प्रसंगाचा खर्च एकेका कारागिरांच्या संघाने उचलायचा. नोहाचे तारू बांधण्याचा प्रसंग जहाजे बांधणाऱ्या सुतारांकडे होता. शेवटच्या भोजनाचा प्रसंग पाव भाजणाऱ्यांकडे होता. वधस्तंभावर खिळण्याचा प्रसंग टाचण्या-खिळे करणाऱ्यांकडे होता. हे लोक आपल्या हातचे काम घेऊन शास्त्रातल्या कथेत शिरले. त्यांच्या पैशाने गाड्यांवरचे रंगमंच तयार झाले आणि अक्षरओळख नसलेल्या शहराने बायबल पाहिले. झीलंडच्या घड्याळकंपनीच्या प्रमुखाने संगीतगृहाला पैसा दिला, ती रीत यॉर्कच्या सुतारांचीच आहे.

सोळाव्या शतकात येशूसंघाच्या (जेझुइट) धर्मगुरूंनी कॉलेजे काढली तेव्हा नाटक अभ्यासक्रमाचाच भाग झाले. 1599 च्या त्यांच्या अभ्यासनियमांत नाटकांना बंधने घातली आहेत, म्हणजे नाटके होत होती. मराठी वाचकाला याची शाखा घराजवळ दिसते. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघी गोव्याच्या साष्टीत राहिले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली राचोलच्या कॉलेजातील छापखान्यातून प्रसिद्ध झाले, आणि साष्टीच्या चर्चांमध्ये ते मोठ्याने, चालीवर म्हटले जाई. मुक्या वाचनासाठी ते रचलेच नव्हते. दोनशे-अडीचशे वर्षांनी अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींत कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तन करू लागले. वीणा, टाळ, झांजा, पूर्वरंग-उत्तररंगाची वीण आणि श्रोत्यांचा प्रतिसाद, हे सर्व घेऊन शुभवर्तमान उभे राहून सांगितले जाऊ लागले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने मराठी मंडळींत आजही गायली जातात. ही सगळी परंपरा प्रयोगाची आहे: एक माणूस उभा राहतो, शरीर आणि आवाज वापरतो, समोरचे ऐकतात आणि बदलतात. तिला अख्ख्या ख्रिस्ती इतिहासातून वगळल्याशिवाय ‘रंगमंच शोभत नाही’ असे म्हणता येत नाही.

प्रॉटेस्टंटांनी रंगमंच नाकारला होता, हे खरे. 1642 मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने नाट्यगृहे बंद केली. धर्मसुधारक झ्विंग्लीच्या झुरिकमध्ये चर्चमधले ऑर्गनसुद्धा गेले. अमेरिकेतील ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्चने 1928 च्या धर्मसभेत नाट्यगृहात जाणे, नाचणे आणि पत्ते खेळणे या तिन्हींविरुद्ध ताकीद दिली. पण पुढे काय झाले तेही सांगायला हवे. त्याच पंथाच्या धर्मसभेपुढे 1966 मध्ये चित्रपटकलेविषयी अहवाल आला आणि चित्रपट ही ख्रिस्ती माणसाने विवेकाने वापरायची, घडवायची सांस्कृतिक गोष्ट आहे, अशी भूमिका तिथे घेतली गेली. त्या पंथाच्या कॅल्विन विद्यापीठात (पूर्वीचे कॅल्विन कॉलेज) आज कलाकेंद्र आहे. इलिनॉयमधील व्हीटन कॉलेज 1860 साली स्थापन झाले. 2003 मध्ये तिथे विद्यार्थ्यांवरची नृत्यबंदी उठली, आणि आज त्याच आवारात संगीत व कलेचे केंद्र आहे. ते ज्या इमारतीत आहे ती आधी विज्ञान विभागाची होती. विज्ञान विभाग 2010 मध्ये नव्या, मोठ्या इमारतीत गेल्यावर तिला संगीतासाठी नवे रूप मिळाले. प्रयोगशाळा की संगीतगृह, हा प्रश्न तिथे एकाचे घर दुसऱ्याला देऊन सुटला.

बंदी उठली याचा अर्थ जगाच्या रेट्यापुढे मान तुकवली, असेही म्हटले जाते. तसे असते तर या कॉलेजांनी जगातल्या नाट्यगृहांत मुले पाठवली असती आणि आवारात काही बांधले नसते. आवारात बांधणे म्हणजे जबाबदारी घेणे. तिथे कोणते नाटक करायचे, कसे करायचे, त्यानंतर त्यावर वर्गात काय बोलायचे, हे सारे ख्रिस्ती शिक्षकांच्या हाती राहते. मुलांना पडद्यापासून दूर ठेवणे शक्य नाही, तो त्यांच्या खिशात आहे. त्यांना पाहायला आणि करायला शिकवणे एवढेच शक्य आहे. ते कोणी करायचे?

देणगीदाराच्या नावाविषयीचा आक्षेप थोडक्यात निकालात निघतो. दान गुपचूप करावे ही शिकवण ख्रिस्ती आहे आणि अनेक दाते ती पाळतात. पण इमारतीवरचे नाव हे पैसा कोणाचा याची उघड नोंद असते; नोंदच नसती तर हेच टीकाकार पैसा कोठून आला असे विचारत फिरले असते. नाट्यगृहात कोणते नाटक व्हावे यात दात्याचा हात नसावा, हे करारात स्पष्ट लिहून घ्यायलाच हवे. त्यापुढे दात्याच्या मनाची झडती घेण्याचा अधिकार कोणाला? उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी रूढ अर्थाने चर्चचा माणूस नव्हता, आणि त्याच्या पैशातून साडेसात हजारांहून अधिक चर्चांत ऑर्गन बसले. त्या ऑर्गनांच्या साथीने जी स्तोत्रे गायली गेली ती त्याच्या श्रद्धेच्या मापाने मोजायची का?

ओहायोतील ओबर्लिन कॉलेजचे उदाहरण या बाबतीत पुरेसे आहे. 1833 मध्ये ख्रिस्ती सुधारकांनी ते स्थापन केले. तेथून 1885 साली पदवी घेतलेल्या चार्ल्स मार्टिन हॉलने पुढच्याच वर्षी विजेच्या साहाय्याने अॅल्युमिनियम वेगळे करण्याची स्वस्त पद्धत शोधली आणि तो श्रीमंत झाला. 1914 मध्ये तो वारला. मृत्युपत्रात त्याने कॉलेजला मोठी संपत्ती ठेवली आणि त्यातली एक रक्कम आपल्या आईच्या स्मरणार्थ सभागृह बांधण्यासाठी राखली. ती आई, सोफ्रोनिया ब्रुक्स हॉल, एका पाळकाची पत्नी आणि ओबर्लिनचीच विद्यार्थिनी. आराखडे झाले, फेटाळले गेले, वाद झाले. प्रेक्षागृह उघडले 1953 साली. पडदा पहिल्यांदा वर गेला तेव्हा दात्याला जाऊन जवळपास एकोणचाळीस वर्षे झाली होती, आणि इमारतीवर नाव होते त्याच्या आईचे. यात मिरवणे कोठे सापडते?

उरला पोटाचा प्रश्न. नाटक-संगीताच्या शिक्षणावर सगळ्यांची पोटे भरत नाहीत हे खरे, आणि या इमारती केवळ त्या विषयांच्या पदवीसाठी बांधल्या जातात हे खोटे. अमेरिकेतल्या या कॉलेजांच्या गायनवृंदांत जीवशास्त्र, गणित, परिचर्या, वाणिज्य अशा सगळ्या विभागांची मुले असतात. पुढे डॉक्टर होणारी मुलगी चार वर्षे दर आठवड्याला साठ जणांसोबत एक श्वास घेऊन थांबायला शिकते, दुसऱ्याचा आवाज ऐकून आपला सांभाळायला शिकते. नाटकात पडद्यामागे दोर ओढणाऱ्या मुलाला कळते की आपण दोन सेकंद चुकलो तर समोरचा नट उघडा पडेल. हे शिक्षण कोणत्या प्रयोगशाळेत मिळते? आणि गावाचाही वाटा असतो: होप कॉलेजच्या मैफलींना बाहेरचे नामवंत कलाकार येतात आणि तिकीट काढून गावकरी बसतात. इमारत कॉलेजची, आसने सगळ्यांची.

या सगळ्या आक्षेपांच्या मुळाशी एकच समज आहे: शिक्षण, उपासना आणि सेवा ही कामे, आणि गाणे-नाटक हे त्यांच्यानंतरचे सुख. टेनेसीतील नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाच्या इतिहासापुढे हा समज क्षणभरही उभा राहत नाही. गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी अमेरिकन मिशनरी असोसिएशनने 1866 मध्ये ही शाळा काढली, आणि पाच वर्षांत ती कर्जाने बुडायला आली. खजिनदार जॉर्ज व्हाइट यांनी नऊ विद्यार्थ्यांचा गायकसंघ केला. त्यांतले बहुतेक जन्माने गुलाम होते. 6 ऑक्टोबर 1871 रोजी ते उसन्या पैशावर निघाले. दोनच दिवसांत शिकागोला भीषण आग लागली. सुरुवातीच्या एका कार्यक्रमात त्यांना पन्नासेक डॉलर मिळाले, आणि स्वतःची शाळा बुडत असताना त्यांनी ते शिकागोच्या आगग्रस्तांना देऊन टाकले.

नोव्हेंबरात ते ओबर्लिनला पोहोचले. तिथे चर्चमंडळ्यांच्या प्रतिनिधींची राष्ट्रीय सभा भरली होती. तीत त्यांनी गुलामगिरीच्या काळात शेतांवर आणि गुप्त प्रार्थनांत गायली जाणारी गाणी म्हटली, आणि तिथून त्यांचे नशीब फिरले. पुढे ते इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियापुढे गायले. सात वर्षांत त्यांनी सुमारे दीड लाख डॉलर आणले. त्या पैशातून ज्युबिली हॉल उभा राहिला; 1 जानेवारी 1876 रोजी त्याचे समर्पण झाले. ते नाट्यगृह नव्हते, विद्यार्थ्यांच्या राहण्या-शिकण्याची इमारत होती. म्हणजे गाण्याने वर्ग बांधले, खोल्या बांधल्या, कर्ज फेडले आणि वाटेत परक्या शहरातल्या जळितांनाही हात दिला. गरिबांना की गाण्याला, असा प्रश्न त्या नऊ जणांना विचारला असता तर त्यांना तो समजलाही नसता, कारण ते स्वतः गरीब होते आणि गाणे हेच त्यांच्याजवळचे धन होते.

ख्रिस्ती कॉलेजातील संगीतगृह किंवा नाट्यगृह या ओळीत बसते. देणगीतून बांधलेली ती इमारत संस्थेच्या कामाबाहेरची नाही. ज्या कामाने ही कॉलेजे जगली, ज्या प्रकारे चर्चने शेकडो वर्षे आपली कथा सांगितली, त्या कामाला उशिरा मिळालेले हक्काचे घर आहे. ते कमी आवाजाच्या हवेचे, योग्य घुमाऱ्याचे, जड दारांचे असावे, त्यामागे देखभालीची ठेव असावी, आणि त्याची दारे गावाला उघडी असावीत. एवढे असेल तर ते बांधायलाच हवे, आणि त्यासाठी कोणाचीही क्षमा मागण्याचे कारण नाही.

ज्युबिली हॉल अजून उभा आहे. फिस्कमध्ये दरवर्षी 6 ऑक्टोबर हा ज्युबिली डे म्हणून पाळला जातो, आणि फिस्क ज्युबिली सिंगर्स आजही गातात.